१ जूनच्या कार्यक्रमात गुन्हेगार जमाती कायदा कशाला?

गल्लीतला_वाचक (बेळगाव)
१ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाला अभिवादन करून आल्यावर संध्याकाळी वाचनालयात एक भाषण ठेवावं, विषय १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा, असं मी सुचवलं. बैठकीत निम्मे लोक उठून गेले. म्हणून इथे विचारतोय.

१९८६च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळ्या घालणारे पोलीस कायद्याचेच होते, हे आपण दरवर्षी सांगतो. मग याच भागात कायद्याने आख्ख्या जमातींना जन्मतः चोर ठरवलं होतं, ते का सांगत नाही? १९११ नंतर तो कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होतं. हुबळी, विजापूर, सोलापूरला तारेच्या कुंपणाच्या वसाहती होत्या. छप्परबंद, हरणशिकारी, कैकाडी... पोलिसांत हजेरी, अंगठा, गाव सोडायला पास. सरकारने अधिसूचना काढली की ती बरोबर की चूक हे कोर्टाने विचारायचंच नाही, असं कलमच होतं. अन्याय करणाऱ्या कायद्याने आधी कोर्टाच्या दाराला कुलूप घातलं.

खानापूरकर
विषय मोठा आहे, मान्य. पण दिवस आमच्या ९ हुतात्म्यांचा आहे. वर्षातनं एक दिवस आपल्या माणसांची नावं घ्यायची, त्यातही दुसरं घुसडायचं? बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधाचा १ नोव्हेंबरचा काळा दिवस पाळताना किती गुन्हे दाखल होतात बघा की आधी. सातबारा बघायला जावा तर कन्नड पहाणी हातात पडते, ती वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारात जायचं. आमचं दुखणं अजून चालू आहे आणि तुम्ही इतिहास काढताय.

निपाणीचा_वकील
खानापूरकर, दुखणं खरं, पण दोन्ही एका तागडीत बसत नाहीत. मराठी माणसाला राज्यघटनेच्या ३५०-अ खाली मातृभाषेत प्राथमिक शिक्षणाचा आधार आहे, हायकोर्टात रिट करता येतं, आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये कलम १३१ खाली थेट सुप्रीम कोर्टात सीमाभागाचा दावा घातलाय. तो रखडलाय, पण दाखल तर झाला. पारध्याला १९३०मध्ये हे सांगायची सोय नव्हती. मराठीवर अन्याय होतोय म्हणा, मी तुमच्याबरोबर आहे. राज्यसंस्थेने छळ करण्यासाठीच रचलेली यंत्रणा ही वेगळी गोष्ट. दोन्ही एकाच पातळीवर आणलं की आपलाच मुद्दा पातळ होतो.

खानापूरकर
दाखल झाला म्हणून काय झालं? वीस वर्षं उलटून गेली. सीमावादावरच्या महाजन आयोगाने १९६७ला २६४ गावं महाराष्ट्राला द्या म्हटलं, त्यातलं एकही गेलं नाही. (आयोगच मान्य नव्हता आपल्याला, बेळगाव तर त्याने कर्नाटकातच ठेवलं होतं, हेही माहीत आहे, कुणी शिकवू नये.) दार उघडं आहे, पण आत कुणी बसलेलंच नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या आयुक्ताचं तेच. ३५०-ब खाली तो अहवाल लिहितो, राष्ट्रपतींकडे जातो, संसदेत ठेवला जातो, संपलं. हुकूम द्यायचा अधिकारच नाही.

गल्लीतला_वाचक
हेच तर भाषणात यायला हवं! आयुक्ताचा अहवाल आणि १९५२चा रद्द कायदा, दोन्हीकडे राज्य नोंद करतं आणि पुढे सरकतं. ३१ ऑगस्ट १९५२ला गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला. रद्द करणाऱ्या कायद्यात ना माफी, ना भरपाई. आणि पाठोपाठ राज्यांनी सराईत गुन्हेगार कायदे आणले, कर्नाटकाचा १९६१चा आहे. पोलिसांची नजर तीच राहिली. अमेरिकेने बघा, जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं, १९४४ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने त्यांना घरदार सोडायला लावणारा हुकूम वैध ठरवला, पण १९८८ला कायदा करून माफी मागितली, हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर दिले. उशिरा का होईना, चूक कायद्याच्या भाषेत लिहिली गेली.

टिळकवाडी_ताई
आपल्याकडे काहीच झालं नाही असं नाही, दादा. ३ ऑक्टोबर २०२४चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा. पत्रकार सुकन्या शांता यांची याचिका होती. तुरुंगात जात बघून झाडू आणि स्वयंपाक वाटायचे नियम रद्द झाले, आणि विमुक्त जमातीचा (म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या जमातीचा) म्हणून सराईत गुन्हेगार समजणंही चालणार नाही म्हणाले. न्यायमूर्ती चंद्रचूडांच्या खंडपीठाने. मराठी नाव म्हणून मिरवायचं असेल तर हा निकालही मिरवा.

माझा प्रश्न वेगळा आहे. भाषण कोण करणार? आपल्यातलाच एक मास्तर की कैकाडी समाजातला माणूस? मंचावर त्यांना बोलवायचं नसेल तर विषय राहूदे.

निपाणीचा_वकील
ताईंना पाठिंबा. आणि १ जून नको, ३१ ऑगस्ट घ्या. तो विमुक्त दिन आहे, त्यांचा स्वतःचा. खानापूरकरांचाही दिवस शाबूत राहतो.

खानापूरकर
३१ ऑगस्टला माझी हरकत नाही. पण त्या दिवशी सभेला किती येतात ते बघू. काळ्या दिनाच्या फेरीला येणारी पोरं त्या सभेला आली तर मी चहाचे पैसे देतो.

गल्लीतला_वाचक
वकीलसाहेब, वेगळा दिवस केला की आपल्याला घरी बसायची मुभा मिळते, मला तीच नको होती. तरी ठीक. ताई, तुमच्या ओळखीत बोलणारं कोणी आहे का?

टिळकवाडी_ताई
आहे. कन्नडमध्ये बोलतील. चालेल ना मंडळींना?