पर्क गेलं म्हणजे ड्रायक्लीनिंग स्वच्छ झालं का?

गोदाकाठ

परवा इथे एक लेख आला. सार असं: ‘ड्रायक्लीनिंग आता प्रदूषणमुक्त झालंय, पर्क इतिहासजमा झालं, दुकानावर इको लिहिलेलं असेल तर निर्धास्त कपडे टाका.’ उत्तर प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

पर्क म्हणजे पर्क्लोरोइथिलीन, पाण्याऐवजी कपडे धुवायला वापरतात ते सॉल्व्हंट (द्रावक). ते कुठून गेलं? कॅलिफोर्नियातल्या ड्रायक्लीनिंगमधून १ जानेवारी २०२३ पासून. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, बंदीचा नियम डिसेंबर २०२४ मध्ये काढला, तोही १० वर्षांत टप्प्याटप्प्याने. आपल्याकडे पर्कची यंत्रं चालू आहेत आणि गल्लीतल्या ‘पेट्रोल वॉश’मध्ये एमटीओ, म्हणजे मिनरल टर्पेंटाइन तेल, चालू आहे.

बरं, पर्कच्या जागी आणलं काय? १-ब्रोमोप्रोपेन आणलं, ते मज्जासंस्थेवर उठलं. सिलिकॉनवालं डी५ आणलं. निसर्गात टिकून राहतं आणि सजीवांत साठतं म्हणून युरोपने २०१८ मध्ये त्याला अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत टाकलं. दर वेळी पिंपावरचं नाव बदललं, सॉल्व्हंट उकळून शुद्ध करणाऱ्या स्टिलच्या तळाचा गाळ तसाच राहिला. खरा बदल एकच आहे, वेट क्लीनिंग, म्हणजे नाजूक कपडे खास यंत्रात पाण्याने जपून धुणं. जर्मनीत १९९१ पासून ते चालू आहे आणि त्यात सॉल्व्हंटच नाही.

बाष्प

पर्कला सरसकट खलनायक ठरवू नका. धोका यंत्राच्या पिढीवर ठरतो. जुन्या पद्धतीत एका यंत्रात धुऊन ओले कपडे हाताने दुसऱ्यात टाकायचे, सगळी वाफ कामगाराच्या नाकात. चौथ्या पिढीच्या बंद यंत्रात धुणं-वाळवणं एकाच ड्रममध्ये होतं. कंडेन्सर थंड करून सॉल्व्हंट परत टाकीत आणतो, उरलेली वाफ कार्बन धरून ठेवतो.

आणि एमटीओबद्दल तुम्ही अर्धी ओळ लिहिलीत! त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ ठिणगीने पेट घेते ते तापमान, ३५-४० अंशांच्या आसपास. नागपुरात मे महिन्यात दुकानातली हवाच त्याच्या वर असते. कपडे पिळणाऱ्या उघड्या एक्स्ट्रॅक्टरशेजारी साधं स्विच, वर इस्त्री चालू. पर्क पेटत नाही. दाटीच्या वस्तीत याला काही किंमत आहे की नाही?

गोदाकाठ

एमटीओचं मान्य, ते उघड्यावर चालता कामा नये. पण पर्कच्या बंद यंत्रातूनही दोन गोष्टी बाहेर येतात, त्या तुम्ही वगळल्यात. पहिली, सॉल्व्हंटमधून पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरचं पाणी. लिटरमागे सुमारे १५० मिलिग्रॅम पर्क त्यात विरघळलेलं असतं, आणि ते मोरीत सोडलं जातं. पर्क पाण्याच्या १.६ पट जड. जमिनीत मुरलं की भूजलाच्या तळाशी जाऊन बसतं, वरून कितीही उपसा केला तरी लवकर निघत नाही. दुसरी, स्टिलचा गाळ. तो घातक कचरा आहे, तळोजा किंवा रांजणगावसारख्या अधिकृत केंद्रातच जायला हवा. दुकानदाराला पावती मागून बघा.

पदरकाठ

तुमचं यंत्रपुराण चालू द्या, पण ‘खरा बदल वेट क्लीनिंग’ हे वाक्य मागे घ्या. पैठणी पाण्यात घालणार आहात का? जरीचा काठ आणि रेशमी अंग सारखं आकसत नाही. काठाला चुण्या पडतात, पदर गोळा होतो. ओल्या रेशमाला घासलं की पांढरट वळ उठतात, ते कायमचे. लाल-जांभळ्याला हिरवा काठ असेल तर रंग फुटलाच म्हणून समजा. पर्यावरणाच्या नावाखाली पिढीजात साड्यांची वाट लावू नका.

गोदाकाठ

अख्खी पैठणी ड्रममध्ये टाका असं मी कुठे म्हटलंय? पण सॉल्व्हंट पैठणीला सुरक्षित, हाही गैरसमज आहे. सरबत, चहा, घाम यांतली साखर आणि मीठ सॉल्व्हंटमध्ये विरघळत नाही. साडी स्वच्छ दिसते, रोल प्रेसखाली जाते, आणि उष्णतेने तीच साखर तपकिरी होऊन वर येते. मग गिऱ्हाईक म्हणतं, दुकानाने डाग पाडला. तो डाग आधी पाण्यानेच काढावा लागतो.

पदरकाठ

डागापुरतं पाणी, एवढंच मान्य करते. तेही चाचणी घेतल्यावर. फॉलच्या आतल्या बाजूला पांढरा सुती कपडा त्याच डिटर्जंटच्या पाण्याने ओला करून मिनिटभर दाबून धरा, घासायचं नाही. अंग, काठ, पदर तिन्हीकडे वेगवेगळी चाचणी, कारण सूत वेगवेगळ्या घाण्यात रंगवलेलं असतं. कपड्यावर रंग उतरला तर पाणी बंद. आणि स्टीम गन जरीवर थेट मारायची नाही, जरीची धातूची पट्टी सैल होऊन आतलं सूत दिसायला लागतं. किती दुकानांत हे करतात? काउंटरवरच्या मुलाला खरी जर आणि प्लास्टिकची जर यातला फरक कळत नाही.

शिलाईमास्तर

सगळे साडीत अडकलेत. मूळ दोष कपडे बनवणाऱ्यांचा आहे! साध्या पॉलिएस्टरच्या कुर्त्यावर ‘ड्रायक्लीन ओन्ली’ची पट्टी लावतात, कारण तक्रार आली तर हात वर करता यावेत. वर्तुळात पी म्हणजे पर्क चालेल, एफ म्हणजे हायड्रोकार्बन (पेट्रोलियमचं सॉल्व्हंट), डब्ल्यू म्हणजे वेट क्लीन. डब्ल्यूची खूण किती कपड्यांवर दिसते? जी गोष्ट पाण्यात जाऊ शकते तिला लेबलच सॉल्व्हंटमध्ये ढकलतं.

आणि गोदाकाठ, कोटाचं काय? पुढच्या पाखीत फ्यूजिंग, म्हणजे आतून चिकटवलेला थर, असतं. पाण्यात कापड एक टक्का आणि फ्यूजिंग अर्धा टक्का आकसलं तरी छातीवर बुडबुडे येतात. इस्त्रीने ते बसत नाहीत.

गोदाकाठ

फ्यूजिंग हलकं असेल तर येतात, खरं आहे. अशा कोटांची पुढची पाखी चिमटीत धरून थर सुटे होतायत का ते आधी बघायचं, होत असतील तर तो कोट पाण्यात नाही. बाकी लोकरीचं गणित ठरलेलं आहे. लोकर पाण्याने आटत नाही, ओली असताना हलवल्याने आटते. तंतूवरचे खवले एकमेकांत अडकतात. म्हणून ड्रम अर्ध्याहून कमी भरायचा, पाणी ३० अंशांच्या आत आणि भरपूर, ड्रम ३ सेकंद फिरून २७ सेकंद थांबायचा. धुताना कोमट आणि खंगाळताना गार असं करायचं नाही. ड्रायर वेळेवर लावायचा नाही, आर्द्रतेच्या सेन्सरवर. थोडी ओल असतानाच कपडा काढून हँगरवर टांगायचा आणि मग टेन्शन फिनिशरवर ताणून मापाला आणायचा. नेमका हा फिनिशर न घेता लोक नुसतं वॉशर घेतात, आणि बाही अर्धा इंच आखूड झाली की ‘वेट क्लीनिंग फसवं’ म्हणून मोकळे होतात.

बाष्प

म्हणजे तीन यंत्रं, वर पाणी, वर वीज. लातूर-सोलापूरच्या दुकानदाराने उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर कोट धुवायचे? आणि पावसाळ्यात कोकणात ते टांगलेले कोट वाळणार कधी? बंद यंत्रातलं हायड्रोकार्बन, फ्लॅश पॉइंट ६० च्या वरचं, हाच आपल्याकडचा व्यवहार्य मार्ग आहे. तेलकट डाग त्यात कमी निघतात आणि वाळायला वेळ लागतो, हे धरूनच बोलतोय.

गोदाकाठ

मग त्याचीही पूर्ण बाजू सांगा. हायड्रोकार्बनच्या टाकीत पाणी साचलं की जंतू वाढतात आणि सगळ्या कपड्यांना कुबट वास मारतो. सेपरेटरचं पाणी रोज काढलं पाहिजे. ते पाणीही मोरीतच जातं.

बाष्प

रोज काढतात. जे काढत नाहीत त्यांच्या हातात वेट क्लीनिंग दिलं तर ते सेन्सर बंद करून टायमरवर लोकर वाळवतील. पाण्याचा प्रश्न तुम्ही टाळलात, त्यावर बोला.

गोदाकाठ

टाळत नाही. शेवटच्या खंगाळणीचं पाणी टाकीत धरून पुढच्या खेपेच्या धुण्याला वापरता येतं, फक्त गडद आणि फिके कपडे वेगळे लावायचे. तरीही सोलापुरात मे महिन्यात ते पुरणार नाही, तिथे तुमचं हायड्रोकार्बन चालू द्या. पुण्या-मुंबईत ही सबब ऐकून घेणार नाही.

पदरकाठ

आणि पैठणी दोघांच्याही यंत्रात नाही.