ज्वारीच्या लाह्यांकडे पोरं वळतील असं पाकीट कसं करावं?

लाहीवाली_समुद्रपूर
नमस्कार. समुद्रपूर तालुक्यात आमचा दहा जणींचा बचत गट आहे. आम्ही ज्वारीच्या लाह्या विकतो. 50 ग्रॅमचं पाकीट, 15 रुपये. माल चोख आहे. आदल्या रात्री ज्वारीला पाण्याचा हात लावून झाकून ठेवतो, सकाळी सावलीत सुकवतो, मग तापल्या कढईत मूठभर टाकून फडक्यानं दाबत फिरवतो. लाही फुलते ती पांढरीशुभ्र, बुडाशी तेवढा तांबूस टिपका.

पण आठवडी बाजारात पोरं आमच्यासमोर थांबतात, बघतात आणि शेजारच्या चकचकीत पुड्यांकडे जातात. आमची साधी पारदर्शक पिशवी आणि त्यावर पांढरं लेबल. परवा एका आजीनं नातवाला म्हटलं, "घे रे, लाह्या आहेत." तो म्हणाला, "त्या तर आजारी माणसाच्या असतात." मला ते फार लागलं. आम्ही तर नागपंचमीला लाह्यांसाठी भांडायचो.

एक व्यापारी म्हणतो, 1 रुपयाला एक याप्रमाणे प्लास्टिकचे भोवरे देतो, पाकिटात टाका. तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा पोळा, महिन्यावर आलाय. टाकावेत का?

पॅकिंगवाला_हिंगणघाट
ताई, भोवरा लाह्यांत अजिबात टाकू नका. लहान पोर मूठ भरून तोंडात घालतं. लाहीसोबत तो तुकडा गेला तर घशात अडकेल. काय द्यायचं ते पिशवीच्या बाहेर द्या.

दुसरं, पोळा भर पावसाळ्यात येतो. लाह्या पूर्ण गार झाल्याशिवाय सील मारू नका, आत वाफ धरते आणि संध्याकाळपर्यंत लाही चामट होते. पातळ पिशवी सोडा, जाड लॅमिनेटेड पाऊच घ्या. आणि वर पुठ्ठ्याचं काही कापायचं-दुमडायचं ठेवलंत, तर वजन, किंमत, तारीख आणि 14 आकडी अन्न परवाना (FSSAI) नंबर आतल्या पाऊचवरही छापा. पोरगं पहिल्यांदा पुठ्ठाच कापतं.

निवृत्त_गुरुजी
आमच्या लहानपणी बिनाका टूथपेस्टच्या खोक्यात प्लास्टिकचे छोटे प्राणी निघायचे. हत्ती मिळाला की जिराफ हवा असायचा, म्हणून मी घरात सगळ्यांना जास्त पेस्ट घ्यायला लावायचो! प्राणी खोक्यात असायचा, ट्यूबमध्ये नव्हे, हे वरच्या भाऊंच्या म्हणण्याशी जुळतं.

अमेरिकेतलं क्रॅकर जॅक तर तुमच्या मालाचं भावंडच. काकवीच्या पाकातल्या मक्याच्या लाह्या आणि शेंगदाणे. 1912 पासून त्यांच्या पाकिटात बक्षीस निघू लागलं आणि पोरं बक्षिसासाठी लाह्या मागू लागली.

पण तुम्हाला विकतचं खेळणं कशाला हवं? तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. ज्याच्या घरी नंदी नाही ते पोर मागे मागे राहतं. मी 31 वर्षं शाळेत ते पाहिलं. पाऊचवर पुठ्ठ्याचं वेष्टण घाला, त्यावर फक्त रेघांचा बैल छापा. कापला, दुमडला की चार पायांवर उभा. रंग भरू नका. झूल कशी रंगवायची, शिंगांना कोणता बेगड लावायचा, ते पोरांवर सोडा.

वऱ्हाडी_गडी
पाकीट त कराच, पन कढई बी बाजारात आना ना ताई! जत्रेत पॉपकॉर्नच्या गाडीपाशी पोट्टे काहून उभे रायतात? तडतड आयकाले. तुमची लाही घरी फुटते आन् बाजारात मुकी येते. पोट्ट्याच्या हातानं मूठभर ज्वारी सुपात टाकाले लावा, मंग तुमी ते कढईत टाका. आपल्या हातची लाही कोन सोडते? फक्त कढईले आडवं बाकडं लावा, पोट्टे लय जवळ येतात.

लाहीवाली_समुद्रपूर
सगळ्यांचे मनापासून आभार. भोवरे नको म्हणून कळवलं. दोन्ही गोष्टी करून पाहिल्या.

पहिला बैल पुढच्या पायांवर बसला. पुठ्ठा पातळ होता. माझ्या मुलीनं वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर कापून पाहिला तर ताठ उभा राहिला, म्हणून तेवढ्या जाडीचे 40 करून घेतले. बाजारात बाकडं आडवं लावून कढई मांडली. पहिली तडतड झाली आणि समोरच्या बांगडीवाल्याकडची पोरं धावत आली. एका मुलीनं मूठ उघडली तर ज्वारी घामानं तळहाताला चिकटलेली, तिनं एकेक दाणा सुपात झटकला. त्या दिवशी 34 पाकिटं गेली. एरवी दहा-बारा जातात.

तीच मुलगी तासाभरानं परत आली. हातात बैल, निळ्या पेनानं झूल काढलेली. म्हणाली, "काकू, याची जोडी द्या ना, जोडीतले दोन्ही बैल एकाच बाजूला पाहत नसतात."

आमचे सगळे बैल उजवीकडेच पाहणारे! आता डावा आणि उजवा असे दोन साचे करतोय. पोळ्याला अकरा दिवस उरलेत, उद्या सकाळच्या एसटीनं छपाईवाल्याकडे जाते.