वीज आणि गॅस महागले तर पर्यावरणाचं भलं होतं का?

अर्थशास्त्र_सातारा

मी साताऱ्याजवळच्या एका ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. मागणीचा नियम शिकवताना विजेच्या बिलाचं उदाहरण घेतलं. एका मुलाने लगेच हिशेब मांडला: दर वाढले की लोक वीज कमी वापरतील, कोळसा कमी जळेल, म्हणजे दरवाढ पर्यावरणासाठी चांगलीच. त्यावर एक मुलगी म्हणाली, "मॅडम, गॅस महागला तेव्हा आईने परड्यात परत चूल मांडली."

मला दोघांचंही पटतं. उन्हाळ्यात आमच्या घरचा वापर ३०० युनिटच्या पुढे गेला की बिल एकदम चढतं आणि मग आम्ही एसी जपून लावतो. पण त्या मुलीच्या घरी दरवाढीने नेमकं उलट घडलं. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सांगा. आकडे असतील तर वर्गात वापरेन.

गंगापूररोड

माझा अनुभव त्या मुलाच्या बाजूचा आहे. नाशिकला स्वतःचं घर, वर मोकळी गच्ची. महिन्याचा वापर ३०१ ते ५०० युनिटच्या टप्प्यात गेला की नुसता युनिटचा दर चढत नाही. त्यावर वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. त्या बिलाला कंटाळूनच मी तीन किलोवॅटचं सोलर बसवलं. पीएम सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये अनुदान मिळालं. नेट मीटर (येणारी-जाणारी वीज मोजणारा) लागल्यापासून दिवसा माझी वीज ग्रीडला जाते. दर स्वस्त असते तर मी या भानगडीत पडलोच नसतो. आपल्या देशात ग्रीडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यामुळे फायदा खरा आहे.

धानपट्टा

मॅडम, मी सिंदेवाही तालुक्यात, चंद्रपूर जिल्ह्यात, महिला बचत गटांचं काम करते. एका बाजूला २,९२० मेगावॅटचं चंद्रपूरचं कोळशावरचं औष्णिक वीज केंद्र, दुसऱ्या बाजूला ताडोबाचं वाघांचं जंगल. तुमच्या वर्गातल्या दोन्ही मुलांचं म्हणणं आमच्या एका जिल्ह्यात नांदतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली. आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याच औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, दिली गेली. आमच्या गावांत त्याच काळात घरोघरी शेगड्या आल्या. बायांना आनंद झाला होता, हे मी स्वतः पाहिलंय. मग २०२० च्या मध्यात दिल्लीत सहाशेच्या आत असलेला सिलिंडर मार्च २०२३ मध्ये १,१०३ रुपयांवर गेला. आमच्याकडे वाहतुकीमुळे त्याहून जास्त. मधल्या काळात बहुतेक घरांची सबसिडीही बंद झाली होती. उज्ज्वलावाल्यांना सिलिंडरमागे २०० रुपये मिळू लागले ते मे २०२२ पासून, आणि ते ३०० झाले ऑक्टोबर २०२३ मध्ये.

तेव्हा काय झालं? गॅस कोणी परत केला नाही. सिलिंडर कोपऱ्यात उभाच राहिला. पाहुणे आले, पाऊस लागला, घरात बाळंतीण असली की शेगडी पेटायची. रोजचा भात, पाणी तापवणं, गुरांचं आंबोण हे सगळं चुलीवर. सरकारी आकड्यांत उज्ज्वलाच्या एका घरामागे वर्षाला सरासरी तीन-चार सिलिंडर दिसायचे ते यामुळे. चार-पाच माणसांचा सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर वर्षाला सात-आठ तरी लागतात. उरलेलं सगळं जंगल पुरवतं.

त्याचा हिशेब वर्गात करून पाहा. एका सिलिंडरमधला १४.२ किलो गॅस जळला की सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तेवढाच स्वयंपाक साध्या चुलीवर करायचा तर ढोबळमानाने दीडशे ते दोनशे किलो वाळलेलं लाकूड लागतं, कारण चुलीत जळणाची बहुतेक उष्णता भांड्याला लागतच नाही. लाकडाचा कार्बन झाड पुन्हा वाढलं तर परत शोषला जातो, म्हणून कागदावर ते निर्दोष दिसतं. पण गावाभोवतीच्या जंगलात झाड वाढायला सवड मिळाली तर ना! वाळल्या काड्या संपल्या की ओल्या फांद्यांना कोयता लागतो, मग ऐन-धावड्याच्या पोरसवदा रोपट्यांना. शिवाय चूल अर्धवट जळते. तिच्या धुरात काजळी आणि मिथेन असतो. काजळी हवा तापवते आणि बाईच्या छातीतही जाते. आमच्या गटातल्या कितीतरी जणी चाळिशीतच खोकतात.

आणि वाघ. मूल, सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या पट्ट्यात काड्या, मोहफुलं, तेंदूपाला आणायला गेलेली माणसं मारली जातात, ही बातमी तुम्ही वाचली असेल. बाई काड्या वेचायला वाकलेली असते. ती माणूस आहे हे वाघाला कळायच्या आत सगळं संपतं. वनविभागालाही हे कळलंय. जन-वन विकास योजनेतून व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या गावांना सवलतीत गॅस दिला गेला तो यासाठीच. म्हणजे एकीकडे सरकार जंगल वाचवायला गॅस देतं आणि दुसरीकडे बाजारभाव तीच बाई परत जंगलात पाठवतो. मला एकीने सांगितलेलं अजून आठवतं, "ताई, हजार रुपये एकदम कोठून आनू? काड्या त फुकट हायत."

माझं म्हणणं एवढंच आहे. दर वाढले की घर खालच्या पायरीवर, म्हणजे चुलीकडे, ढकललं जातं की वरच्या, स्वच्छ पर्यायाकडे, ते त्या घराच्या हाताला काय लागतं त्यावर ठरतं. नाशिकच्या दादांच्या हाताला गच्ची आणि सोलर लागलं. आमच्या बायांच्या हाताला कोयता लागतो. दोन्हीकडे दर वाढले, तरी परिणाम उलट झाला.

श्टुटगार्टहून

मूळची सांगलीची, बरीच वर्षं जर्मनीत. इथेही धानपट्टाताई म्हणतात तसंच थोड्या वेगळ्या रूपात दिसलं. इथे २०२१ पासून घर तापवायच्या गॅस-तेलावर कार्बनची किंमत मुद्दाम लावली आहे. सुरुवात कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे २५ युरोने झाली, २०२५ मध्ये ती ५५ वर गेली. पण खरा झटका बसला तो २०२२ मध्ये, रशियाचा गॅस बंद झाला तेव्हा. आम्ही थर्मोस्टॅट खाली आणला, घरात स्वेटर घालून बसलो, गॅसचा खप खरंच घटला. त्याच हिवाळ्यात सरपणाची आणि लाकडी पेलेटची (दाबलेल्या भुशाच्या गोळ्यांची) किंमत भडकली, कारण ज्यांच्या घरी लाकडाची शेगडी होती ते सगळे तिकडे वळले. राखीव ठेवलेली कोळशाची केंद्रंही सरकारने पुन्हा चालू केली.

आणखी एक. हीटपंप, म्हणजे बाहेरची उष्णता आत ओढून घर तापवणारं यंत्र, विजेवर चालतो आणि तो गॅसच्या बॉयलरपेक्षा चांगला. पण इथे विजेचा युनिटदर गॅसच्या तिप्पट-चौपट, त्यामुळे लोक बिचकतात. सगळीच ऊर्जा महाग करून चालत नाही. स्वच्छ पर्याय तुलनेने स्वस्त हवा. कार्बनचे पैसे लोकांना परत देऊ असं तेव्हाच्या सत्ताधारी आघाडीच्या करारात लिहिलं होतं, त्या सरकारने ते शेवटपर्यंत दिले नाहीत. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला बॉयलर बदलायचा अधिकारही नसतो, तो फक्त बिल भरतो.

गंगापूररोड

चुलीची बाजू खरंच माझ्या डोळ्यासमोर नव्हती. तरी एक विचारतो. सगळ्यांनाच वीज-गॅस स्वस्त केला तर आमच्यासारखे लोक पुन्हा उधळपट्टी करतील, नाही का?

धानपट्टा

दादा, सगळ्यांना स्वस्त करा असं मी म्हणतच नाही. शंभर युनिटच्या आत राहणाऱ्या घराला एक दर आणि पाचशेच्या वर जाणाऱ्याला वेगळा, ही पद्धत विजेत आधीपासून आहे आणि ती योग्य आहे. वरच्या टप्प्याचा दर चढला तर माझी तक्रार नाही.

पण बचत फक्त महागाईने होते हेही मला मान्य नाही. एलईडी बल्ब आठवून पाहा. २०१४ मध्ये सरकारी खरेदीत तो ३१० रुपयांना पडायचा, दोन वर्षांत घाऊक खरेदीमुळे ३८ वर आला. उजाला योजनेतून ३६ कोटींहून जास्त बल्ब घरोघरी गेले. आमच्या गावातली प्रत्येक झोपडी आज एलईडीवर आहे. विजेचा दर वाढला म्हणून हे झालं नाही, चांगली वस्तू गरिबाच्या खिशात बसली म्हणून झालं. कमी विजेवर चालणारे पंखे असेच स्वस्त झाले तर उन्हाळ्यात केवढा कोळसा वाचेल!

अर्थशास्त्र_सातारा

मनापासून आभार सगळ्यांचे. लाकडाचा हिशेब मी मुलांकडून फळ्यावरच करून घेणार. ताई, आता राज्याच्या अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत आहेत ना? त्याने चूल सुटली का?

धानपट्टा

फरक पडलाय. ज्या घरी वर्षाला तीन यायचे तिथे आता पाच-सहा येतात. पण मोफत म्हणजे आधी पूर्ण पैसे द्यायचे आणि रक्कम नंतर खात्यात जमा. केंद्राचे ३०० रुपयेही तसेच मागून येतात. भाताच्या रोवणीच्या आधी हातात रोकड नसते, नेमका तेव्हा सिलिंडर संपतो. म्हणून आमच्या गटांनी एक केलं: गटाच्या बचतीतून सिलिंडरपुरती बिनव्याजी उचल द्यायची, सबसिडी जमा झाली की ती बाई परत भरते. अजून एकीचेही पैसे बुडलेले नाहीत.

दुसरी मागणी पाच किलोच्या छोट्या सिलिंडरची. उज्ज्वलात तो घेता येतो, पण आमच्याकडे गावापर्यंत पोचत नाही. मजुरीच्या आठवड्यात तेवढे पैसे निघू शकतात. याचा ठराव चार ग्रामसभांमध्ये घेतलाय. तुमच्या त्या विद्यार्थिनीच्या गावात उपयोग होणार असेल तर ठरावाचा मसुदा इथेच टाकते.