अनुभव धागा: डोंबिवलीकर, मतदानाला गेलात का? नाही गेलात तर का?

नमस्कार मंडळी. 20 मे 2024 ला लोकसभेचं मतदान झालं, आपल्या कल्याण मतदारसंघात जेमतेम 50 टक्के, आणि तरी लोक म्हणाले वाढलं, कारण 2014 ला 43 आणि 2019 ला 45 च्या आसपासच होतं. म्हणजे लोकल गाडीत समोरासमोर बसलेल्या दोघांतला एक मत देतच नाही, पण राजकारणावर बोलत नाही असा एक तरी माणूस गाडीत सापडतो का? सोमवार होता, शनिवार-रविवार जोडून सगळे गावाला गेले हे ऐकून ऐकून कान किटले. माझ्या मजल्यावर चार घरं, त्यातली दोन मत न देता राहिली आणि दोन्ही घरची माणसं त्या दिवशी इथेच होती. एकाचं नाव गायब, दुसऱ्याला कोणी आपलं वाटेना. मला हे मनापासून टोचतं. म्हणून स्वतःचा अनुभव लिहा, घरातलं मत पूर्वी कुठे जायचं, ते बदललं का, तेही लिहा. पक्षांवरून भांडण नको प्लीज.

टिळकनगर

आमच्याकडे मत कुणाला हा प्रश्नच नव्हता. सासरे जनसंघाचे, पणतीवाले. 1977 ला रामभाऊ म्हाळगी उभे होते तेव्हा मी नवी नवरी, चहाची आधणं किती ठेवली त्याला गणती नाही. पुढे कमळ आलं, घर तिथेच राहिलं. नातवंडं आता वेगळं बोलतात, बोलू देत.

सांगायचं ते यांचं. वय 88, गुडघ्यांमुळे जिना उतरत नाहीत. यावेळी 85 च्या वरच्यांना घरून मत द्यायची सोय होती, 12 डी फॉर्म भरला होता. ठरलेल्या दिवशी निवडणुकीची मंडळी आली, व्हिडिओवाला, पोलीस सगळे, पुठ्ठ्याचा आडोसा आमच्या जेवणाच्या टेबलावर उभा केला आणि मला आत जायला सांगितलं. हे सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. हात थरथरतो, खूण भलतीकडे गेली तर मत बाद होईल म्हणून त्यांनी फार वेळ घेतला, पण त्यांच्यातल्या मुलीनं अजिबात घाई केली नाही, तिचं भलं होवो. पाकीट चिकटवून झाल्यावर मला हाक मारली, म्हणाले, झालं गं.

ठाकुर्ली

काकू, वाचून बरं वाटलं. माझं उलटं. भाड्याची घरं, 11 महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, नऊ वर्षांत चौथं घर. 2019 ला मत दिलेलं म्हणून निर्धास्त होतो. केंद्रावर गेलो तर यादीत माझ्या फोटोवर आडवा ‘डिलीटेड’. बाहेर टेबलं टाकून बसलेल्या दोन्ही पक्षांच्या पोरांनी मोबाईलवर शोधलं, एकमेकांना विचारून शोधलं, दुसऱ्या शाळेत बघा म्हणाले, तिथेही नाही. उन्हात दोन तास. घरी कोणी भेटलं नाही की नाव जातं म्हणे, पण दिवसा घरी कोण असणार, आम्ही दोघं गाडीत असतो! आल्या आल्या नव्याने नाव नोंदवायचा फॉर्म 6 भरला आणि 20 नोव्हेंबरला विधानसभेला मत दिलं. तुम्ही पत्ता बदलला असेल तर फॉर्म 8 आत्ताच भरा, निवडणूक लागायची वाट बघू नका.

आयरे रोड

ठाण्यात छोट्या ऑफिसात आहे. पगारी सुट्टीचा नियम मला माहीत होता, पण साहेबांपुढे बोलायची हिंमत झाली नाही. साडेसहाला रांगेत उभी, सव्वाआठपर्यंत रांग पंधरा माणसं सरकली असेल, शेवटी निघाले, लोकलमध्ये रडायलाच आलं. चार वाजता सांगितलं, मी चालले, पगार कापा. सहाला पाच कमी असताना गेटातून आत शिरले आणि पाच मिनिटांनी गेट बंद झालं. मग चिठ्ठ्या वाटल्या, त्या शेवटच्या माणसापासून पुढे वाटत येतात हे तेव्हा कळलं, मला 3 नंबर मिळाला म्हणजे माझ्यामागे दोनच जण. सव्वासातला मत दिलं. कुणाला ते सांगत नाही, नवऱ्यालाही नाही सांगितलं.

डोंबिवली पश्चिम

मी वडिलांबद्दल लिहितो. लालबागहून गिरणी बंद पडल्यावर इकडे आलो, बाबा शिवसेनेच्या शाखेतला माणूस. पोस्टर लावण्यापासून रात्री दोनला कुणाला हॉस्पिटलला न्यायचं तरी बाबाच. 2022 ला पक्ष फुटला, तेव्हा शाखेतले अर्धे मित्र इकडे, अर्धे तिकडे. लोकसभेला आपल्याकडे समोरासमोर धनुष्यबाण आणि मशाल, श्रीकांत शिंदे आणि वैशाली दरेकर. दोन्हीकडचे कार्यकर्ते घरी आले, बाबांनी दोघांनाही पाणी दिलं, बसा म्हणाले. मतदानाला मात्र गेले नाहीत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. दिवसभर गॅलरीत बसून होते. टक्का कमी का म्हणून विचारताय, तर त्यात माझे बाबा आहेत, आणि त्यांना कुणी आळशी म्हटलेलं मला चालणार नाही.

27 गावांपैकी एक

वरचं वाचून गलबललं. आमच्याकडे पक्ष नंतर, आधी गाव आणि भावकी. गावठाणात दहा वाजेपर्यंत म्हाताऱ्यांसकट सगळ्यांची बोटं शाईची, शेजारच्या टॉवरमधले मात्र अजून दादर-परळच्या यादीत, राहतात इथे आणि नाव तिथे. 2015 ला आम्हा 27 गावांना कल्याण-डोंबिवली महापालिकेत घेतलं, नोव्हेंबर 2020 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं नगरसेवकच नव्हता. टँकर कुणाकडे मागायचा? टॉवरमधल्या दोन ताई पण टँकरच्या रांगेत आमच्याबरोबर उभ्या असतात, त्यांना मी परवा म्हटलं, ताई, नाव इकडे आणा, फॉर्म मी आणून देतो. दोघींनी घेतलेत.