मुलासाठी पहिली एअर रायफल: बजेट ५० हजार, कोणती घ्यावी आणि छर्रे कोणते?

मीनल_डोंबिवली

नमस्कार मंडळी. मुलगा १३ वर्षांचा आहे, क्लबच्या रायफलवर १० मीटरचा सराव करतो. क्लबात रायफली कमी, मुलं जास्त, त्यामुळे पाळी येईपर्यंत अर्धा वेळ जातो. स्वतःची घ्यावी असं प्रशिक्षकही म्हणतात. जास्तीत जास्त ५० हजार घालू शकतो.

दुकानदार एक स्प्रिंगवाली, नळी मोडून भरायची रायफल सुचवतोय. खोक्यावर १००० फूट प्रति सेकंद वेग लिहिलाय आणि पंधरा हजारांच्या आत मिळते. बाकीच्या पैशांत नेमबाजीचं जॅकेट होईल असं त्याचं म्हणणं. घ्यावी का? छर्रे गोल डोक्याचे, टोकदार, चपटे असे बरेच दिसतात, त्यातले कोणते? आणि परवान्याचं नेमकं काय?

---

१०.९_वरळी

मीनलताई, ती रायफल घेऊ नका. कंपनी वाईट आहे म्हणून नाही, तो प्रकारच या कामाचा नाही.

खोक्यावरच्या वेगाचं आधी बघू. १० मीटरच्या मॅच (म्हणजे स्पर्धेच्या) रायफलचा वेग साधारण १७० ते १७५ मीटर प्रति सेकंद असतो, म्हणजे ५७० फुटांच्या आसपास. ऑलिंपिकमध्येही एवढाच. छर्रा ०.५३ ग्रॅमचा धरला तर ऊर्जा ८ ज्यूलच्या आसपास येते. कागदाला भोक पाडायला याहून जास्त लागत नाही, आणि जास्त ताकद आली की धक्का वाढतो. खोक्यावरचे हजार फूट बहुतेकदा अगदी हलका, मिश्रधातूचा छर्रा घालून मोजलेले असतात. तो छर्रा स्पर्धेच्या कामाचा नाही.

परवान्याचं गणितही इथेच येतं. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिमी बोअरपर्यंत (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. दोन्ही अटी एकदम पाळायच्या. ०.२२ बोअरची एअर रायफल कितीही मवाळ असली तरी तिला परवाना लागतो. आणि अर्ध्या ग्रॅमचा छर्रा २८३ मीटर प्रति सेकंदाला पोचला की २० ज्यूल झालेच. हजार फूट म्हणजे ३०५ मीटर, तेव्हा नेहमीच्या शिशाच्या छर्‍याने खरोखर एवढा वेग मिळत असेल तर ती रायफल विनापरवाना बसतच नाही. खरेदी तुमच्या नावावर करा, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्या आणि बिलावर मॉडेल, अनुक्रमांक, बोअर लिहून घ्या.

आता स्प्रिंगची मुख्य अडचण. ट्रिगर दाबला की आत जड पिस्टन पुढे धावतो आणि शेवटी आपटतो. रायफल आधी मागे, मग पुढे अशी दोनदा हलते, आणि हे सगळं छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत होतं. त्यामुळे हात कुठे टेकवला, किती घट्ट धरली, गाल किती दाबला याप्रमाणे गोळी जागा बदलते. मुलाने नेम बरोबर धरला तरी छर्रा आठ गुणांच्या वर्तुळात जातो, आणि चूक आपली की रायफलची हे त्याला कळत नाही. गॅस पिस्टनवाल्यांत थरथर कमी असते, पण धक्का असतोच. शिवाय ६० शॉट म्हणजे ६० वेळा नळी मोडायची. १३ वर्षांच्या मुलाचे खांदे पंचविसाव्या शॉटला भरून येतात आणि पुढचा सराव वाया जातो.

तुमच्या बजेटमध्ये दोनच मार्ग मला पटतात. प्रेसीहोलसारख्या भारतीय कंपनीची भरलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी रायफल, जिला सगळे पीसीपी म्हणतात, किंवा जुनी पण नीट सांभाळलेली परदेशी मॅच रायफल. नव्या वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, आन्शुट्झ यांचा विचार सध्या सोडा, त्या लाखांत जातात.

घेताना ताकदीपेक्षा माप बघा. बटाची (खांद्याकडच्या भागाची) लांबी कमीजास्त होते का, चीकपीस (गाल टेकवायचा भाग) वरखाली होतो का, बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) सरकते का. रायफल खांद्याला लावून मुलाने डोळे मिटावेत, मान सैल ठेवून गाल टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. मागच्या पीप साईटच्या (बारीक भोकातून नेम धरायच्या साधनाच्या) भोकातून पुढचं साईट मधोमध दिसायला हवं. मान ताणावी किंवा वाकवावी लागली तर ती रायफल त्याची नाही. स्पर्धेच्या नियमात कमाल वजन ५.५ किलो आहे, पण या वयाला साडेतीन-चार किलो पुरे. जड रायफल स्थिर वाटते म्हणून मुलं मागतात, आणि मग कंबर मागे मोडून उभी राहायला लागतात. ती सवय पुढे सुटता सुटत नाही.

---

दुरुस्तीवाला_गिरगाव

वर सांगितलंय ते बरोबर. जुनी घ्यायची झाली तर काय तपासायचं ते सांगतो.

पीसीपी असेल तर आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख बघा, बाकीचं नंतर. अॅल्युमिनियमच्या मॅच सिलिंडरची मुदत साधारण १० वर्षांची असते. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालवायचा नाही आणि घरीही भरायचा नाही. आत २०० बार दाब असतो. बर्‍याच रायफली 'स्वस्तात' निघतात त्या याच कारणाने, आणि नवा सिलिंडर घातला की स्वस्ताई संपते. भाव करताना तो खर्च धरूनच बोला.

मग दाब भरून मीटरचा काटा कुठे आहे त्याचा फोटो काढा आणि रायफल रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी काटा दिसेल इतका उतरला असेल तर ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) किंवा व्हॉल्व्ह गेलाय. ओ-रिंग स्वस्त असते, व्हॉल्व्हची सीट खराब असेल तर खर्च वाढतो.

नळीचं तोंड टॉर्च मारून बघा. कडेला एका बाजूला खरचटलेलं असेल तर छर्रा सुटताना हवा त्या बाजूने आधी निसटते आणि ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर पडलेल्या भोकांचा पुंजका, कायम एकीकडे ओढला जातो. साईट कितीही फिरवा, ग्रुप लहान होत नाही. साफसफाईची सळई तोंडाकडून घालणार्‍यांच्या रायफलीत हे हमखास सापडतं.

सिंगल स्ट्रोकच्या जुन्या रायफलीही बाजारात असतात, फाइनवेर्कबाऊची ६०० मालिका किंवा वॉल्थर एलजीआर. बाजूची दांडी एकदा ओढली की एका शॉटची हवा भरते. सिलिंडर नाही, मुदत नाही, पंप नाही, अचूकता आजही उत्तम. पण दांडीला जोर लागतो आणि सुटे भाग शोधावे लागतात. दांडी बंद करताना शेवटी घट्ट विरोध जाणवायला हवा. सहज मिटली तर सील गेलं समजा. मुलाने स्वतः वीस वेळा ओढून बघावी आणि मगच ठरवावं.

पीसीपीत हवाच भरायची. ऑक्सिजनचा सिलिंडर चुकूनही जोडू नका, तेलाच्या अंशाशी दाबाखाली स्फोट होतो. हातपंप वापरणार असाल तर पन्नासएक स्ट्रोकनंतर थांबून पंप गार होऊ द्या आणि खालचा ब्लीड स्क्रू उघडून पाणी काढा. मुंबईच्या हवेत ओलावा इतका असतो की पावसाळ्यात ते पाणी डोळ्यांना दिसतं. तेच आत गेलं तर व्हॉल्व्हपाशी गंज धरतो. जमल्यास क्लबातल्या डायव्हिंग सिलिंडरवरूनच भरून घ्या, सावकाश. झटकन भरला की सिलिंडर तापतो आणि गार झाल्यावर काटा खाली येतो. ती गळती नव्हे.

---

छर्रे_आणि_ग्रुप

छर्‍यांचं उत्तर सविस्तर देतो, कारण पैसे वाया जातात ते इथे.

आकार चपट्या डोक्याचाच घ्या. हा कागदात गोल, स्वच्छ कडेचं भोक पाडतो. गोल डोक्याचा छर्रा कागद फाडतो, भोकाची कड दिसत नाही आणि रेषेला लागलं की नाही यावर वाद होतो. टोकदार छर्रा तर १० मीटरला कुठल्याच कामाचा नाही, टोक जरा वाकडं असलं तरी भरकटतो. १० मीटरच्या लक्ष्यात दहाचा ठिपका फक्त अर्धा मिमी आणि नवाचं वर्तुळ ५.५ मिमी असतं, छर्रा स्वतः ४.५ मिमीचा. एवढ्यात एक मिमीचा फरकही गुणांत दिसतो.

वजन ०.५० ते ०.५३ ग्रॅम. डबीवर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो: ४.४९, ४.५०, ४.५१. कोणता चांगला हे डबी सांगत नाही, नळी सांगते. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या दोन रायफली वेगवेगळे व्यास मागतात. म्हणून मित्राच्या रायफलीत भारी चालला म्हणून पाच डब्या आणू नका.

चाचणी अशी करा. रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर किंवा पकडीत ठेवा. छर्‍याचा प्रकार बदलला की पहिले १५-२० शॉट मोजू नका, नळीत आधीच्या शिशाचा थर असतो. मग ५ शॉटचा एक असे ५ ग्रुप, प्रत्येक ग्रुपला नवा कागद. ग्रुपच्या बाहेरच्या कडा व्हर्नियरने मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. चांगल्या मॅच रायफलीत पकडीतून ही वजाबाकी दीड-दोन मिमीच्या आत यायला हवी. एका सुंदर ग्रुपवर भाळू नका, पाचांची सरासरी आणि सर्वांत वाईट ग्रुप दोन्ही लिहून ठेवा. जो प्रकार जिंकेल त्याच्या त्याच लॉटच्या (एकाच वेळी बनलेल्या मालाच्या) डब्या एकदम घ्या. लॉट बदलला की साचा बदललेला असू शकतो.

पण सगळा सराव महागड्या छर्‍यांवर करायची गरज नाही. दिवसाला ८० शॉट, आठवड्यात ४ दिवस म्हणजे महिन्याला साधारण १४००, पाचशे छर्‍यांच्या तीन डब्या. सरावाला भारतीय मॅच छर्रे किंवा आरडब्ल्यूएस, एच अँड एन या कंपन्यांचे साध्या श्रेणीतले घ्या. चाचणीत जिंकलेले स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यासाठी आणि स्पर्धेसाठी ठेवा. साईट मात्र त्यांच्यावर पुन्हा बसवावी लागेल, कारण छर्रा बदलला की ग्रुपची जागा सरकते.

डबी उघडली की छर्रे पांढर्‍या कापडावर पसरून मागचा घेर बघा. तो पातळ असतो, डबी पडली की चेपतो. चेपलेला छर्रा सरावालाही घालू नका, त्या शॉटचं कारण शोधत मुलगा उगाच आपली पोझिशन बदलत बसतो.

छर्रे शिशाचे आहेत. तोंडात धरू नयेत, सरावात खाऊ नये, नंतर साबणाने हात धुवावेत. रेंजवर झाडूने धूळ उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

---

मीनल_डोंबिवली

खूप आभार! ती स्प्रिंगवाली रद्द. आणखी तीन गोष्टी विचारते. रायफल लोकलने नेता येईल का? पावसाळ्यात घरी कशी ठेवावी? आणि आमच्या सासर्‍यांनी विचारलंय, चिपळूणकडे शेतात रानडुकरं फार येतात, सुट्टीत हीच रायफल तिकडे नेली तर?

---

रेंज_ठाणे

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण यात गुन्हा घडू शकतो. नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे शिकारीला बंदी आहे आणि रानडुकरालाही त्याचं संरक्षण आहे. पिकाचं नुकसान होत असेल तर वनखात्याच्या अधिकृत अधिकार्‍याच्या लेखी परवानगीनेच कारवाई होते, आपल्या मनाने नाही. पीकसंरक्षणाचा शस्त्रपरवाना असला तरी त्याने जनावर मारायची परवानगी मिळत नाही, ती वेगळी घ्यावी लागते. आणि ८ ज्यूलचा छर्रा डुकराच्या कातडीत अडकेल. जनावर तडफडत फिरेल आणि जखमी डुक्कर माणसावर येईल. पाखरांवरही नको. सासर्‍यांना सांगा, नुकसान दिसलं की फोटो काढून लगेच जवळच्या वनकार्यालयात भरपाईचा अर्ज द्यावा. उशीर झाला की पंचनाम्यात अडचण येते.

लोकलचं: कुलूप लागणारी कडक पेटी, छर्रा काढलेला, नळीत आरपार रंगीत सुरक्षा दोरी, छर्‍यांची डबी वेगळ्या बॅगेत. बिल, तुमचं ओळखपत्र आणि क्लबचं कार्ड यांच्या प्रती पेटीतच ठेवा. तपासणीला थांबवलं तर पेटी स्वतःहून उघडू नका, आधी काय आहे ते सांगा, मग पोलीस म्हणतील तेव्हा उघडा. मुलाला एकट्याला रायफल घेऊन पाठवू नका. विमानाने स्पर्धेला जायचं असेल तर सिलिंडर रिकामा करून न्यावा लागतो, त्याआधी विमान कंपनीला विचारा.

पावसाळ्यात आत फोम असलेली ती पेटी फक्त ने-आण करायला. फोम ओलावा धरतो आणि दहा दिवसांत नळीवर तांबूस ठिपके येतात. घरी आल्यावर रायफल सुती कापडाने पुसा, घामाचे हात जिथे लागतात त्या लोखंडी भागांवर तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि कुलपाच्या कोरड्या कपाटात सिलिका जेलसह उभी ठेवा. जेलचा रंग बदलला की तापवून सुकवा. तेल नळीत किंवा हवेच्या मार्गात जाऊ देऊ नका. छर्‍यांना तेल नको, डबी घट्ट बंद ठेवली तर पांढरी भुकटी धरत नाही.

नळी साफ करायची तर मागून पुढे, दोरीला फेल्टचा तुकडा लावून ओढा. रोज नाही, ग्रुप मोठा व्हायला लागला की.

फ्लॅटमध्ये, गॅलरीत, गच्चीवर एकही छर्रा उडवायचा नाही. घरी फक्त धरण्याचा सराव: पांढर्‍या भिंतीवर छोटा काळा ठिपका, रायफल रिकामी, छर्‍यांची डबी दुसर्‍या खोलीत. ड्राय फायरची (छर्‍याशिवाय ट्रिगर दाबायची) सोय रायफलीत असेल तरच ट्रिगर दाबावा. रोज वीस मिनिटं पुरेत.

---

१०.९_वरळी

एक राहिलं, मीनलताई. पुढच्या साईटमधल्या रिंगचा आकार विचारून घ्या. मुलं लहान रिंग मागतात, नेम नेमका वाटतो म्हणून. पण काळ्या गोलाभोवती पांढरी कड स्पष्ट उरली नाही तर डोळा थकतो आणि शॉट सोडायला वेळ लागतो. ३.८ किंवा ४.० मिमीची घालून सुरुवात करा, नंतर हवी तर कमी करा. आणि सौदा ठरण्याआधी प्रशिक्षकांना रायफल हातात घेऊन बघू द्या, मुलासकट.