गोळी आधी की रक्त आधी?
डुकराची किडनी माणसाला बसवता आली की किडनीसाठीची प्रतीक्षायादीच संपेल, असं काही जण म्हणतात; ते जरा घाईचं वाटतं. न्यूयॉर्कमध्ये नोव्हेंबर २०२४ला बसवलेली, १० जनुकीय बदल केलेली डुकराची किडनी १३० दिवसांनी काढावी लागली. संसर्ग झाला म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी केली होती, मग रिजेक्शन, म्हणजे शरीराने ती किडनी नाकारली. तारेवरची कसरत ती हीच.

या चर्चेत टॅक्रोलिमसबद्दल कुणीच बोलत नाही. रिजेक्शन रोखणारं मुख्य औषध, पण जास्त झालं तर नव्या किडनीलाच मारक! त्याची रक्तातली पातळी सकाळची गोळी घेण्याआधी तपासायची असते. माझा भाऊ एकदा गोळी घेऊनच लॅबमध्ये गेला. आकडा भलताच वर आला. डोस कमी होणारच होता, तेवढ्यात नर्सने विचारलं, "गोळी कधी घेतलीत?"