अनुभव धागा : विश्वासातून आशा आणि आनंद कसा मिळाला? (विदर्भातल्या गावांमधून)

नाताळ तोंडावर आलाय. आमच्याकडे दिग्रसच्या बाजूला कापसाची वेचणी आणि कॅरलची तालीम एकाच वेळी चालते. परवाच्या तालमीत सगळ्यांच्या बोटांवर बोंडांचे ओरखडे होते आणि आवाज मात्र मोकळे. तिथंच वाटलं, आपल्या भागातल्या ख्रिस्ती माणसांना विचारावं: प्रभूवरच्या विश्वासातून तुम्हाला आशा कधी मिळाली, आनंद कसा मिळाला? उपदेश नको, घडलेलं लिहा. मंडळी (चर्च) कुठलीही असो, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), अलायन्स, नाझरीन, मेथडिस्ट, कॅथलिक. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले. तिथपासून धरलं तरी पावणेदोनशे वर्षं होतात. त्यात मिशनरी, शाळा, दवाखाने यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. वावरात राबणाऱ्या विश्वासणाऱ्यांचं फारसं कुठं आलं नाही, म्हणून हा धागा.

सुरुवात मी करतो. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं आमची पऱ्हाटी (कपाशी) खाल्ली. वरून बोंड हिरवं, टपोरं. फोडलं की आत अळी आणि सडलेली, पिवळी पडलेली रुई. त्याच हंगामात फवारणीची विषबाधा होऊन आमच्या यवतमाळ जिल्ह्यात माणसं गेली. घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. अशात एका घरसभेत पाळकसाहेबांनी बायबलमधला हबक्कूकचा तिसरा अध्याय वाचला. अंजिराला बहर नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, असं तो संदेष्टा एकेक करून सांगतो. तलाठ्यानं पंचनामा लिहावा तसं. आणि हे सगळं मोजून झाल्यावर म्हणतो, मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. मला धीर आला तो त्या मोजणीनं. माझं नुकसान देवासमोर खोटं करायची गरज नव्हती. त्या रात्री आम्ही नवराबायकोनं सावकाराचं, सोसायटीचं, दुकानाचं सगळं देणं एका कागदावर लिहिलं आणि त्या कागदावर हात ठेवून प्रार्थना केली. कर्ज फिटायला पुढं बराच काळ गेला. पण नको ते विचार त्या रात्रीपासून थांबले, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

दर्यापूर तालुका (आजी सांगते, नातू टाइप करतोय)

मालक गेले तवा पोरं लहान होती. वावरात कापूस फुटून उभा न् वेचाले कोणी नाही. मंडळीतल्या बाया आल्या. काई विचारलं नाही, ओट्या बांधल्या न् आपापली ओळ धरली. दुपारी भाकर खाऊन झाली का एक जण गाणं उचले, बाकीच्या मांगून म्हणत. म्या बी म्हटलं, रडत रडत. तवा मले वाटलं का देव माह्यासंगं वावरात हाय. मले वाचता येत नाही. टिळकायचे भजनं आयकून आयकून पाठ झाले. आता नातवानं मोबाइलात बायबल टाकून देल्लं, सडा टाकता टाकता आयकते.

(नातू: टिळक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशानं त्यांना नवा करार दिला आणि 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी येशूवर भजनं आणि अभंग लिहिले, म्हणून तर न शिकलेल्या आजीच्या ओठांवर ते बसले.)

परतवाड्याजवळून

माझ्या पायाची बधिरता कुष्ठरोगाची निघाली. गावात कुणी तोंडावर बोललं नाही, पण चहाचा कप वेगळा झाला. कोठाऱ्याच्या लेप्रसी मिशनच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या सिस्टरनं माझा तळपाय मांडीवर घेतला, पाण्यात भिजवून ठेवलेली कडक कातडी हळूहळू खरवडली, तेल चोळलं आणि हे रोज घरी कसं करायचं ते शिकवलं. बायकोनंसुद्धा त्या पायाला हात लावून बरेच दिवस झाले होते. मी तेव्हा ख्रिस्ती नव्हतो. सिस्टरनं मला काही सांगितलंही नाही, मीच विचारलं. मग तिनं बायबलमधला मार्कचा पहिला अध्याय उघडून दिला. येशूनं कुष्ठरोग्याला नुसतं बरं केलं नाही, आधी हात पुढं करून त्याला स्पर्श केला. हे वाचून मी तिथंच थांबलो, पुढची ओळ दिसेना. रोग एमडीटीच्या (एकत्र दिल्या जाणाऱ्या अनेक औषधांच्या) गोळ्यांनी गेला, माझा कोर्स बारा महिन्यांचा होता, गोळ्या फुकट मिळतात. कुणाला डाग दिसला तर देवाच्या नावानं थांबून राहू नका, आधी तपासून घ्या. पण माणसात परत आल्याचा जो आनंद आहे तो मला त्या पानावर आणि त्या मांडीवर मिळाला.

धारणी

छोटंसं लिहिते. नाताळच्या आधी आमचे लोक रात्री घरोघरी गात फिरतात, मराठी आणि कोरकू दोन्हीत. मेळघाटातली थंडी तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक अंगणात शेकोटी आणि काळा चहा. वर्षभर आम्ही त्या रात्रींची वाट पाहतो.

वणीकडची एक आई

मला आनंदाचं लिहिता येणार नाही. माझा मुलगा तापानं गेला. लोक म्हणाले, देवाची योजना असते. त्यानंतर मी चर्चमध्ये गाणं सोडलं, शेवटच्या बाकावर बसून यायचे. एकदा स्वतःच चाळताना स्तोत्र 88 सापडलं. ते अंधारातच संपतं. शेवटी दिलासा नाही, आभार नाहीत, तरी ते बायबलमध्ये आहे, म्हणजे माझ्यासारखीचं रडणंही प्रार्थनेत धरलंय. मुलगा पुन्हा भेटेल ही आशा मी सोडलेली नाही. एवढंच.

↳ *धागाकर्ता:* ताई, तुम्ही लिहिलंत हे फार झालं. गाऊ नका, नुसतं बसा. तुमच्या वाटचं आम्ही गातो.

↳ *दर्यापूरचा नातू:* आजीला वाचून दाखवलं. ती म्हणते, "तिले सांग, मी रोज नाव घेईन."

मंगरूळपीरच्या बाजूनं

आमच्या हार्वेस्टच्या उपासनेचं सांगतो. पीक आल्यावर प्रत्येक घर वेदीजवळ काहीतरी आणून ठेवतं: तूर, ज्वारी, सोयाबीन, अंडी, कोंबडा. उपासना झाली की अंगणात लिलाव. ज्या वर्षी सोयाबीन पिवळं पडून गेलं, त्या वर्षी ढीग लहानच होता. एका मजूर बाईनं परसातलं एकच कोहळं आणलं होतं. पहिल्यानं ते घेतलं आणि परत टेबलावर ठेवलं, "पुन्हा बोला." दुसऱ्यानंही तेच केलं. तिसऱ्यानंही. पोरं ओरडायला लागली, म्हातारे उठून उभे राहून बोली लावायला लागले, पाळकसाहेबांना हसू आवरेना. खिशात पैसा नसलेली माणसं दहा-दहा रुपयांनी किंमत चढवत होती. शेवटी ते कोहळं त्या बाईच्याच पदरात घातलं आणि जमलेल्या पैशातून एका घरच्या मुलीची वसतिगृहाची फी भरली. सगळं गेलेल्या वर्षी इतकं हसलेले लोक मी दुसरीकडे पाहिले नाहीत.

↳ *एक वाचक:* मी ख्रिस्ती नाही. असा लिलाव बघायला येता येईल का?

↳ *मंगरूळपीर:* या ना दादा, बिनधास्त या. बोली मात्र लावावी लागेल.